बेडूक की ट्राउट?

उंच पर्वतावरच्या निळ्याशार तळ्याचे छायाचित्र पाहिले की, येथे माणसाचा हात लागलेला नसणार असे आपल्याला सहज वाटते. कॅलिफोर्नियातील सिएरा नेवाडा पर्वतरांगेतली तळी दिसतात अगदी तशीच. पण त्यांतील कितीतरी तळ्यांत पोहणारे ट्राउट मासे मूळचे तेथले नव्हेत. हिमनद्यांनी कोरलेल्या या तळ्यांच्या वाटेवर उंच धबधबे असल्याने खालचे मासे वर चढूच शकत नव्हते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून माणसांनीच ते वर नेले; आधी खेचरांच्या पाठीवर डबे लादून आणि दुसऱ्या महायुद्धानंतर चक्क विमानातून तळ्यात सोडून. हेतू वाईट नव्हता. गळ टाकून बसणाऱ्या हौशी मंडळींची सोय, एवढेच.

याची किंमत मोजली ती पिवळ्या पायांच्या पहाडी बेडकाने. जोसेफ ग्रिनेल आणि ट्रेसी स्टोरर यांनी 1924 मध्ये योसेमिटीतील प्राण्यांवर ग्रंथ लिहिला, तेव्हा तेथील उंच भागात हा बेडूक विपुल होता. मात्र मासे असलेल्या तळ्यांत त्याची पिल्ले, म्हणजे टॅडपोल, दिसत नाहीत, हे त्यांच्याही लक्षात आले होते. कारण सोपे आहे. आपल्याकडे पावसाळी डबक्यात टॅडपोलचा बेडूक काही आठवड्यांत होतो. तेथल्या थंड पाण्यात त्याला दोन-तीन वर्षे, कधी त्याहूनही जास्त काळ लागतो. उथळ डबके हिवाळ्यात तळापर्यंत गोठते, म्हणून पिल्लांना खोल तळेच हवे. ट्राउटलाही तेच हवे!

पण मासे आणि बेडूक एकत्र आढळत नाहीत, एवढ्यावरून दोष माशांचाच असे सिद्ध होत नाही. रोलँड नॅप आणि सहकाऱ्यांनी 1,700 हून अधिक तळी-डबकी पालथी घातली आणि नाते स्पष्ट दिसले. खरी परीक्षा त्यानंतरची. व्हान्स व्रेडेनबर्ग यांनी पाच तळ्यांतील ट्राउट जाळी लावून काढले आणि शेजारची तळी तुलनेसाठी तशीच ठेवली. मासे गेलेल्या तळ्यांत तीन वर्षांच्या आत बेडकांची संख्या झपाट्याने वाढली. 2004 मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. काही तळ्यांत संशोधकांनी हिवाळाभर बर्फाखालीही जाळी ठेवली होती. काम कष्टाचे, पण एकही थेंब विष न घालता होणारे.

परिणाम पाण्याबाहेरही दिसले. ट्राउट मेफ्लाय या कीटकाच्या अळ्या फस्त करतात. त्यामुळे तळ्याकाठी उडणारे कीटक घटतात आणि ते टिपणारे रोझी फिंच पक्षीही. मासे नसलेल्या तळ्यांवर हे पक्षी जवळपास सहापट आढळले, असे 2010 च्या अभ्यासात दिसले. बेडूक खाणाऱ्या सापांचेही तेच.

एवढ्यात दुसरे संकट आले. कायट्रिड नावाची बुरशी बेडकाच्या त्वचेत वाढते. बेडूक त्वचेतून पाणी आणि क्षार घेतो. ती बिघडली की रक्तातील सोडियम-पोटॅशियम घसरते आणि हृदय बंद पडते. मासे काढून सावरलेल्या तळ्यांतही काही वर्षांत मेलेल्या बेडकांचा खच पडला. सगळी मेहनत वाया गेली, असे कोणालाही वाटले असते. (ही बुरशी आपल्या सह्याद्रीतील बेडकांवरही आढळली आहे, तशी साथ मात्र येथे नोंदलेली नाही.) 2014 मध्ये सिएरातील या बेडकाला अमेरिकेने संकटग्रस्त घोषित केले.

तरी योसेमिटीत काही बेडूक तगले. बुरशी अंगावर असूनही ते मरत नव्हते. तेथे नवे मासे सोडणे 1991 मध्येच थांबले होते. वीस वर्षांच्या नोंदी 2016 मध्ये तपासल्या, तेव्हा तेथील बेडूक दरवर्षी सरासरी 11 टक्क्यांनी वाढत असल्याचे आढळले. मग या चिवट बेडकांतले काही उचलून रिकाम्या तळ्यांत सोडण्यात आले. बहुतेक ठिकाणी ते टिकले आणि त्यांनी अंडीही घातली, असे नॅप यांच्या गटाने 2024 मध्ये मांडले.

ट्राउट असलेल्या तळ्यात मात्र चिवट बेडूकही सोडून उपयोग नाही. त्यांची पिल्ले बुरशीने नव्हे, माशांच्या तोंडी जाऊन संपतील. म्हणून आधी जाळी, मग बेडूक, हा क्रम अजूनही चुकत नाही.