भावंडांच्या शाळेचा प्रश्न

शिक्षणावर आपल्या चळवळीत पुष्कळ बोलले जाते. परंतु एका घरातील दोन-तीन मुलांपैकी कोणाला कोणत्या शाळेत घालावयाचे हा निर्णय प्रत्यक्षात कसा होतो, यावर आपण फारसे लिहीत नाही. तो घरगुती प्रश्न समजला जातो. मला तो तसा वाटत नाही. बुलढाणा जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळांतून मी मास्तरकी केली आणि निवृत्तीनंतर दरवर्षी वस्तीतील पालकांचे प्रवेशाचे अर्ज भरून देतो. या कामात एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली. कायदा एकेक मूल मोजतो आणि गरिबाचे घर भावंडे मोजते. या दोन मोजण्यांत जी तफावत पडते तिच्यात बहुतेक वेळा मुलगी सापडते.

दोन वर्षांपूर्वी चिखली शहराला लागून असलेल्या एका गावातील बाई माझ्याकडे आली. नवरा मिस्त्रीच्या हाताखाली कामाला. थोरली मुलगी गावच्या शाळेत तिसरीत, आणि धाकट्या मुलाचा नंबर शहरातल्या इंग्रजी शाळेत लागलेला. म्हणाली, “गुरुजी, पोराचा नंबर लागला जी. आता पोरीलेबी तिथंच घालता येईन का? दोघं संगं जातीन.” मी सांगितले, “बाई, ही सवलत फक्त पहिलीला आहे. ती तिसरीत गेली.” बाई थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “म्हंजे पयले जन्माले आली हेच तिचं चुकलं म्हना.”

तिच्या या बोलण्याला माझ्यापाशी उत्तर नव्हते. कायद्यापाशीही नाही.

भावंडांतून एकाला निवडण्याची ही पाळी आपल्या समाजावर आज आलेली नाही. धनंजय कीर यांनी लिहिलेल्या चरित्रात बाबासाहेबांच्या शालेय दिवसांची हकीकत आहे. मुंबईला आल्यावर रामजी सुभेदारांना दोन्ही मुलांचे शिक्षण पेलवेना. थोरल्या आनंदरावांनी शाळा सोडून नोकरी धरली आणि भीमराव शिकत राहिले. पुस्तकांना पैसे नसले की सुभेदार लग्न झालेल्या मुलींकडे जात. मुलीचा दागिना गहाण पडे आणि पेन्शन हाती आली की सोडवला जाई. आपण भाषणांतून बाबासाहेबांची बुद्धिमत्ता सांगतो, सुभेदारांची जिद्द सांगतो. भावाची सुटलेली शाळा आणि बहिणींचे दागिने मात्र क्वचितच सांगतो. एक भावंड पुढे जावे म्हणून बाकीच्यांनी मागे राहायचे, हा त्या काळी आपल्या घरांचा नाइलाज होता. १८८२ साली हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी बारा वर्षांपर्यंतचे शिक्षण सक्तीचे करा असे सांगितले होते, त्याचा अर्थच असा की हा निवाडा बापाच्या ऐपतीवर सोडू नका. तो नाइलाज आजच्या कायद्याने संपायला हवा होता.

कायद्याची रचना कशी आहे ते कार्यकर्त्यांनी नीट समजून घेतले पाहिजे. कारण पालकांना तो सेतू केंद्रातून तुकड्यातुकड्यांनी आणि पुष्कळदा चुकीचा कळतो. २००२ सालच्या ८६ व्या घटनादुरुस्तीने कलम २१-अ आले, त्यावरून २००९ चा शिक्षण हक्क कायदा झाला आणि १ एप्रिल २०१० पासून तो लागू झाला. त्याच्या कलम १२(१)(सी) प्रमाणे खासगी विनाअनुदानित शाळेने पहिलीच्या, किंवा शाळेत पूर्वप्राथमिक वर्ग असल्यास त्या वर्गाच्या, किमान २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतील मुलांना द्यावयाच्या असतात. अल्पसंख्याक संस्थांच्या शाळा यातून वगळल्या आहेत. या कलमात ‘भावंड’ हा शब्द नाही. थोरला ज्या शाळेत आहे तिथे धाकट्याला आधी घ्या असे ते म्हणत नाही, आणि धाकट्याला मिळाले म्हणून थोरलीला मधल्या वर्गात घ्या असेही म्हणत नाही. प्रवेशाचा दरवाजा एकच, तो पायथ्याशी, आणि तोही वर्षातून एकदा उघडणारा.

महाराष्ट्रात या जागा सोडतीने भरल्या जातात. प्रत्येक मुलाचा अर्ज वेगळा. एका अर्जात दहापर्यंत शाळा निवडता येतात. घरापासून १ किलोमीटरच्या आतल्या मुलाचा विचार आधी होतो, मग ३ किलोमीटरपर्यंतचा, मग त्यापलीकडचा. नकाशावर घराची जागा दाखवणारा जो फुगा असतो तो चुकीच्या ठिकाणी बसला, की पडताळणीच्या वेळी लागलेला नंबर जातो. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्याला नोंदणी केलेला भाडेकरार लागतो, आणि घरमालक तो सहजासहजी करून देत नाही. अनुसूचित जातीच्या मुलाला उत्पन्नाचा दाखला लागत नाही, वडिलांचा जातीचा दाखला पुरतो. तरीही आमची माणसे दरवर्षी उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तहसिलीत एक-दोन दिवसांची मजुरी बुडवतात, कारण कोणीतरी ‘असू द्या, लागतो’ असे सांगितलेले असते. वीटभट्टीवर किंवा ऊसतोडीच्या कोपीवर जन्मलेल्या मुलाचा जन्मदाखला नसतो. पण कलम १४ प्रमाणे वयाचा पुरावा नाही म्हणून कोणत्याही मुलाला प्रवेश नाकारता येत नाही. दवाखान्याची नोंद, अंगणवाडीची नोंद किंवा आईबापांचे लेखी निवेदन यांवरही वय धरता येते. हे ठणकावून सांगावे लागते. दोन भावंडांच्या कागदांवर वडिलांचे नाव दोन तऱ्हेने लिहिलेले असणे हा तर नेहमीचा प्रकार, आणि तो आधीच दुरुस्त करून ठेवलेला बरा.

इतके सगळे जुळून आले तरी पुढे सोडतच आहे. २०२५-२६ च्या प्रवेशासाठी राज्यात सुमारे १ लाख ९ हजार जागा होत्या आणि अर्ज ३ लाखांच्या वर आले. म्हणजे सरासरीने तिघांत एकाला जागा. आता हा हिशेब भावंडांना लावून पाहा. दोन भावंडे आपापल्या वर्षी अर्ज करतात आणि प्रत्येकाला तीनात एक संधी आहे असे धरले, तर अशा नऊ घरांपैकी एका घरात दोघांनाही जागा मिळेल, चार घरांत कोणालाच मिळणार नाही, आणि उरलेल्या चार घरांत एकालाच मिळेल. तालुक्याच्या गावी आकडे थोडे वेगळे पडतील. पण घर दुभंगणे हा या पद्धतीतील अपघात नव्हे, तो तिचा नेहमीचा निकाल आहे, एवढे यावरून कळते.

सोडत आंधळी असते, ती मुलगा-मुलगी पाहत नाही, असे कोणी म्हणेल. सोडत पाहत नाही, घर पाहते. अर्ज कोणाचा भरायचा हे घर ठरवते. लांबच्या शाळेसाठी व्हॅनचे भाडे कोणासाठी काढायचे हेही घरच ठरवते. फी शासन शाळेला परत देते; तिची कमाल मर्यादा अनेक वर्षे विद्यार्थ्यामागे वर्षाला १७,६७० रुपये होती आणि तीही वेळेवर मिळत नाही ही संस्थाचालकांची ओरड आहे. पण व्हॅन, बूट, टाय, स्नेहसंमेलनाची वर्गणी यांचे पैसे शासन देत नाही. केंद्राच्या आदर्श नियमांप्रमाणे या मुलांना पुस्तके आणि गणवेशही मोफत मिळावयास हवेत. आमच्याकडचे पालक ते विकत आणताना मी पाहिले आहेत. तेव्हा मुलीचा नंबर लागला तर ‘पाहू’, आणि मुलाचा लागला तर कर्ज, असे घडते. मी कोणाकडे बोट दाखवीत नाही. माझा मुलगा खासगी शाळेत शिकला आणि मुलगी माझ्याच शाळेत. त्या वेळी मी त्याला ‘मुलगी डोळ्यांसमोर राहील’ असे गोड कारण दिले होते.

आणखी एक गोष्ट पालकांना कोणी सांगत नाही. ही सवलत आठवीपर्यंतच आहे. नववीला त्याच शाळेची पूर्ण फी समोर येते. त्या मिस्त्रीकाम करणाऱ्याच्या घराचेच पाहा. मुलगा नववीत जाईल त्या वर्षी मुलगी अकरावीत असेल. घरात पैसा एकाच्याच फीपुरता असेल, तर तो कोणाच्या शिक्षणातून काढला जाईल? १९२७ साली मुंबईच्या विधिमंडळात बाबासाहेबांनी दाखवून दिले होते की पहिलीत दाखल होणाऱ्या शंभर मुलांपैकी अठराच चौथीपर्यंत पोहोचतात. गळती आता चौथीला नाही, ती वर सरकली आहे. प्रवेशाच्या दिवशी हार घालणाऱ्या आपल्या कार्यकर्त्यांनी त्या दिवशीच नववीचा विचार केला पाहिजे.

याच्या उलट बाजूला गावची शाळा आहे. कायद्याच्या परिशिष्टाप्रमाणे प्राथमिक शाळेत ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक. म्हणजे पट साठच्या आत असला की दोन मास्तर चार किंवा पाच वर्ग सांभाळतात. गावातले थोडे बरे असलेले लोक मुले शहरात पाठवू लागले, मग २५ टक्क्यांतून आपलीही काही मुले गेली, आणि पट आणखी उतरला. २०२३ साली राज्य शासनाने वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचा विचार पुढे आणला. अशा शाळा राज्यात सुमारे पंधरा हजार होत्या. त्या शाळांच्या बाकांवर शेवटी कोण उरते? जिच्या भावाचा नंबर लागला ती बहीण. आणि शाळा तीन-चार किलोमीटर दूर गेली तर आधी घरी कोण बसते, हे सांगायला नको. एका मुलाला वर काढणारी सवलत त्याच्याच बहिणीच्या शाळेचा पट कमी करते, ही गोष्ट आपण स्पष्टपणे बोलली पाहिजे.

परंतु म्हणून २५ टक्क्यांचा हक्क सोडून द्यावा, असे म्हणणाऱ्यांच्या पंक्तीला मी बसणार नाही. शासनाने तो प्रयोग करून पाहिला. ९ फेब्रुवारी २०२४ च्या अधिसूचनेने, ज्या खासगी शाळेच्या १ किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा आहे तिला या जागांतून सूट देण्यात आली. आव सरकारी शाळांच्या कैवाराचा होता. पण ज्यांच्या खिशात फी आहे त्यांच्यासाठी इंग्रजी शाळेचे दार उघडेच राहिले, बंद झाले ते आपले. ज्या घरातले थोरले मूल आधीच्या वर्षी सोडतीतून खासगी शाळेत गेले होते, त्या घरातल्या धाकट्यासमोर त्या वसंतात गावच्या शाळेखेरीज काही उरले नव्हते. मुंबई उच्च न्यायालयाने मे २०२४ मध्ये या बदलाला स्थगिती दिली, १९ जुलैला तो रद्दच केला, आणि ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घालण्यास नकार दिला. सरकारी शाळा सुधारायची असेल तर तिच्यात शिक्षक द्यावेत. दलिताच्या मुलाला तिच्यात कोंडून ती सुधारत नाही.

मग पालकाने काय करावे? मी आता असे सांगतो की निवड जोडीची करा, एकट्याची नको. थोरल्या मुलीच्या पहिलीच्या वर्षी अर्ज भरलाच पाहिजे. बहुतेक घरे ते वर्ष फुकट घालवतात आणि मुलाच्या वेळी जागी होतात. ३१ डिसेंबरला सहा वर्षे पूर्ण होतात का, हे अंगणवाडीतच पाहून ठेवावे. एकदा या सवलतीतून प्रवेश घेतलेल्या मुलाला पुन्हा अर्ज करता येत नाही, तेव्हा शाळांची यादी भरताना धाकट्याच्या वेळी घर कोठे असेल आणि दोघांना एकाच वाटेने जाता येईल का याचा विचार करावा. एकाचाच नंबर लागला आणि दुसऱ्याचा खर्च झेपत नसेल, तर दोघांना गावच्या चांगल्या शाळेत ठेवणे यात कमीपणा नाही. तिथे मास्तर किती, ते येतात का आणि पट किती, एवढे स्वतः जाऊन पाहावे. खासगी शाळेतून मूल परत आणताना शाळा दाखला अडवून ठेवते, तेव्हा पालक घाबरतात. कलम ५ प्रमाणे दाखला ताबडतोब द्यावा लागतो, आणि तो आला नाही म्हणून जिल्हा परिषदेच्या शाळेला प्रवेश नाकारता येत नाही. जिची शाळा सुटली आहे त्या मुलीला कलम ४ प्रमाणे वयानुसार वर्गात बसवता येते.

त्या बाईने मुलाला इंग्रजी शाळेतच घातले. मी अडवले नाही. गावची शाळा चौथीपर्यंतच; यंदा मुलगी पाचवीला शहरातल्या अनुदानित मराठी शाळेत आली. “एवढी लांब कायले धाडता, घरी राहू द्या” असे सासरा म्हणाला होता. बाईने व्हॅनवाल्याशी बोलून दीड भाड्यात दोघांची सोय केली.

आम्ही वस्तीतल्या विहारात आता एक वही ठेवतो. पूर्वी अर्जागणिक नोंद करत होतो. आता घरागणिक पान आहे, आणि पानावर घरातल्या सगळ्या मुलांची नावे, वर्ग आणि शाळा लिहिल्याखेरीज कोणाचाच अर्ज भरत नाही. पहिल्या वर्षी काही पानांवर थोरल्या मुलीच्या नावापुढचा शाळेचा रकाना रिकामा राहिला. विचारले तेव्हा बापाने मान खाली घातली. त्या मुलींच्या जुन्या शाळांत जाऊन त्यांची नावे पुन्हा पटावर चढवण्याचे काम आम्ही सोडतीची वाट न पाहता आधी हाती घेतले.