कांदेपोहे आणि फ्रेंच भाषेतील दोन अव्यये

आपल्या ठाणे, कल्याण व डोंबिवली या शहरांतील कित्येक विद्यार्थी शाळेत फ्रेंच भाषा घेतात. घरी त्या भाषेचा गंध नसल्यामुळे, या विषयात आपण मुलांस काय साहाय्य करणार, असे पालकांस वाटते. आमचे मत निराळे आहे. फ्रेंचमधील एक अवघड स्थळ आपल्या स्वयंपाकघरातच सुटण्याजोगे आहे.

पदार्थ कशाचा, हे सांगण्यास आपणांस चा-ची-चे हे षष्ठीचे प्रत्यय पुरतात. आल्याचा रस आणि आल्याचा चहा, दोहोंस प्रत्यय एकच. परंतु रस हा निव्वळ आल्याचा असतो; चहात आले केवळ स्वादापुरते. हा भेद फ्रेंच माणूस शब्दाने दाखवितो. वस्तू ज्याची बनली त्याच्या नावापूर्वी तो 'द' हे अव्यय योजतो, आणि जे घातल्याने तिला स्वाद वा वैशिष्ट्य आले त्याच्या नावापूर्वी 'आ'. म्हणून संत्र्याचा रस तो 'झ्यू दोरांझ'. येथे 'द' पुढील स्वरात मिळून गेला आहे. दूध घातलेली कॉफी मात्र 'काफे ओ ले'. हा 'ओ' म्हणजे 'आ' व पुल्लिंगी एकवचनी उपपद यांचा संयोग होय.

प्रत्येक 'चा'साठी 'द' लिहिण्याची सवय मराठी विद्यार्थ्यास सहज जडते, आणि तेथेच गुण जातात. यावरील उपाय मराठी व्याकरणातच आहे. मध्यमपदलोपी समास आठवावा. कांदेपोहे म्हणजे कांदे घालून केलेले पोहे. पुरणपोळी म्हणजे पुरण घालून केलेली पोळी. विग्रहात जेथे 'घालून' हे पद येते तेथे 'आ'. तांदळाच्या भाकरीत तांदूळ 'घातलेला' नसतो, भाकरीच तांदळाची असते, तेथे 'द'.

भांड्यांच्या बाबतीतही हीच अव्यये उपयोगी पडतात. 'तास द ते' म्हणजे चहाने भरलेला पेला; 'तास आ ते' म्हणजे चहासाठी केलेला पेला, मग तो रिकामा का असेना! मराठीत दोन्ही चहाचेच पेले. पाहुण्यापुढे कोणता ठेवावा हे मात्र सांगावयास नको.

काही पदार्थांची नावे केवळ रूढीने ठरलेली असतात. ती पाठच केली पाहिजेत. इतरत्र हा नियम बहुधा दगा देत नाही. तेव्हा पालकांनी पानावर बसलेल्या मुलास एवढेच विचारावे : "हे त्याचे केलेले आहे, की ते घालून केलेले?" उत्तर बरोबर आले, म्हणजे फ्रेंचचा निम्मा पाठ झाला असे समजावे.