बंद घरातली बॅटरी

लेकीच्या बाळंतपणासाठी किंवा मुलाकडे अमेरिकेला सहा महिन्यांसाठी निघालं, की आपण गॅस बंद करतो, फ्रीज पुसून त्याचं दार उघडं ठेवतो, कुंड्या शेजारी देतो. शेवटी मेन स्विच खाली ओढला, की जीव भांड्यात पडतो. इन्व्हर्टरकडे मात्र कुणी बघतच नाही!

मैत्रिणींनो, घोळ इथेच होतो. मेन स्विच बंद झाला, की इन्व्हर्टरला वाटतं, लाइट गेले. तो इमानेइतबारे बॅटरीतून वीज पुरवत राहतो. बॅटरी पार उतरते. तशीच महिनोन्‌महिने पडली, की आतल्या शिशाच्या प्लेटांवर सल्फेटचा कडक थर बसतो. मग कितीही चार्ज करा, ती वीज धरत नाही. आमच्या सोसायटीतले एक आजी-आजोबा परदेशातून परतले, तर हेच झालेलं. आजोबांना दमा, रात्री नेब्युलायझर लागतं. मध्यरात्री लाइट गेले आणि इन्व्हर्टर मुका! इनहेलर हाताशी होता म्हणून निभावलं.

खरं तर काम अर्ध्या तासाचं. निघण्याआधी बॅटरी पूर्ण चार्ज करा. प्रत्येक खान्यात डिस्टिल्ड वॉटर वरच्या खुणेपर्यंतच भरा. नळाचं किंवा फिल्टरचं पाणी नको, आणि अ‍ॅसिड तर मुळीच नको. मग इन्व्हर्टर बंद करून त्याचा प्लग काढा आणि इलेक्ट्रिशियनकडून बॅटरीच्या वायरी सोडवून घ्या. आधी काळी, मग लाल. स्वतः करणार असाल, तर बांगड्या, अंगठ्या उतरवा, मंगळसूत्रही. दोन्ही टोकांना धातू एकदम टेकला, तर ठिणगी उडून हात भाजतो. चार्जिंग चालू असताना जवळ निरांजनसुद्धा नको, हायड्रोजन वायू निघत असतो.

वायरी सोडल्या तरी बॅटरी आपली आपण थोडी थोडी उतरतेच, उन्हाळ्यात जास्त. म्हणून किल्ली ज्यांच्याकडे ठेवता, त्यांना महिना-दीड महिन्याने इलेक्ट्रिशियनला बोलावून ती जोडून चार्ज करायला सांगा. काही तास नुसती ठेवलेली बारा व्होल्टची बॅटरी मीटरवर १२.६ ते १२.७ दाखवते. १२.४ च्या खाली गेली, की तिला भूक लागली समजा.

आणि गेलीच कामातून, तर भंगारवाल्याला देऊ नका. शिसं विषारी, लहान मुलांना तर फारच. २०२२ च्या नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. नवी घेताना दुकानदार जुनीचे पैसे बहुधा वजा करून देतो. तेवढे मागून घ्यायचे!