गांवच्या पाण्याची आणेवारी

महसुली दप्तरांत ज्यांचें आयुष्य गेलें, त्यांस पिकाची आणेवारी चांगली ठाऊक असते. (आतां तीस पैसेवारी म्हणतात, एवढाच काय तो फरक.) यंदा पीक किती आलें हें ती सांगते, परंतु तें काढतांना भूमीच्या पोटांतील पाणी किती खर्चीं पडलें, हें तींत कोठेंच येत नाहीं. भरघोस पिकलेलें गांव चार वर्षांत कोरडें पडलेलें प्रस्तुत लेखकानें पाहिलें आहे.

हा दुसरा जमाखर्च गांवकऱ्यांनीं स्वतः कसा ठेवावा, याचें उदाहरण अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यांतील हिवरे बाजार येथें पाहावयास मिळतें. वार्षिक पाऊस सुमारें ४०० मिलिमीटर. १९७२ च्या दुष्काळानंतर गांव खालावलें व लोक मजुरीसाठीं बाहेर पडले. १९८९ च्या सुमारास श्री. पोपटराव पवार सरपंच झाले. ग्रामसभेनें कुऱ्हाडबंदी व चराईबंदी पत्करली, श्रमदानानें डोंगरउतारावर समतल चर खणले, ओढ्यांस बांध घातले. हें इतर गांवींही झालें आहे. आणि पाणी वाढलें कीं पंप वाढावे व टँकर पुन्हां यावा, हेंही अनेक गांवीं झालें आहे.

हिवरे बाजारचें वेगळेपण त्यापुढचें आहे. तेथें पाऊस व विहिरींची पातळी मोजतात आणि पावसाळा सरल्यावर ग्रामसभेपुढें पाण्याचें अंदाजपत्रक मांडतात. आधीं माणसें व जनावरें यांचें पिण्याचें पाणी, मग घरखर्च, आणि उरेल त्याच्या बेतानें पिकें. शेतीसाठीं कूपनलिकेस मनाई. ऊस व केळ यांसही मनाई.

जमीन माझी, विहीर माझी, मग मनाई कसली, असा आक्षेप आपल्यापैकीं कित्येकांचा असेल. तो क्षुल्लक नव्हे. उसाइतका खात्रीचा पैसा दुसऱ्या पिकांत क्वचितच मिळतो. पण हिशेब पाहावा. एका हेक्टरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दहा हजार लिटर पाणी. उसास १५०० ते २५०० मिलिमीटर लागतें. म्हणजे ४०० मिलिमीटरच्या गांवीं एक हेक्टर ऊस सुमारें चार ते सहा हेक्टरांचा सगळा पाऊस पितो. तो शेजाऱ्याच्या विहिरींतून येतो. सात-बाऱ्यावर त्याची नोंद नसते.

मनाई हाच एक मार्ग आहे असेंही नाहीं. २००३ नंतर आंध्र प्रदेशाच्या सात जिल्ह्यांत शेतकऱ्यांनीं विहिरींची पातळी स्वतः मोजून रब्बीपूर्वीं हिशेब मांडले. बंदी कोणावर नव्हती. तरी आंकडे पाहून अनेकांनीं भात कमी केला.

आपल्या गांवीं आरंभ करावयाचा तर शाळेच्या आवारांत एक पर्जन्यमापक बसवावें. निवडक विहिरींची पातळी खुणेच्या दोरीनें दर पंधरवड्यास घ्यावी व चावडीच्या भिंतीवर लिहावी. सभा रब्बीच्या पेरणीपूर्वीं बोलवावी. ज्यांच्या विहिरी सर्वांत खोल, त्यांस मोजणीच्या कामीं प्रथम घ्यावें. त्यांच्यावांचून आंकडे कोणी मानणार नाहीं.