रुमालातली घराणी

पुण्याच्या सदाशिव पेठेतल्या भारत इतिहास संशोधक मंडळाची पायरी चढणारा प्रत्येक जण इतिहासाचा अभ्यासक नसतो. कुणाला पणजोबांचं मूळ गाव हवं असतं, कुणाचा कुलवृत्तांत चौथ्या पिढीपाशी अडलेला असतो. २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीने कुणबी नोंदींचा शोध सुरू केला, तेव्हा जुन्या कागदांतली मोडी लिपी वाचणाऱ्या माणसाला एकाएकी मागणी आली. वंशावळ हा निवांत वेळेचा छंद समजणाऱ्यांनाही तिचं वजन कळलं.

मंडळ स्थापन झालं ७ जुलै १९१० रोजी. वि. का. राजवाडे आणि सरदार खंडेराव चिंतामण मेहेंदळे हे संस्थापक. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड राजवाड्यांनी १८९८ मध्येच काढला होता आणि पुढच्या खंडांसाठी ते गावोगाव पायपीट करत होते. पेशवे दफ्तर तेव्हा इंग्रज सरकारच्या कुलपात. त्यामुळे मराठ्यांचा इतिहास लिहायचा तर देशमुख, कुलकर्णी, सरदार यांच्या माजघरातल्या पेट्या उघडाव्या लागत. मंडळाच्या संग्रहालयात नाणी, ताम्रपट, जुनी चित्रं आहेत; पण त्याचं खरं वैभव आहे ते कापडी रुमालांत बांधलेल्या लाखो मोडी कागदांत. दिल्लीत पेशव्यांची वकिली करणाऱ्या हिंगण्यांचं दफ्तर मंडळाने छापलं, चंद्रचूडांचंही छापलं. ही सगळी आधी घरगुती दफ्तरं होती.

एका घरातला कागद केवढं काम करतो, हे पाहायचं तर जेधे शकावली पाहावी. कान्होजी जेध्यांच्या घराण्यात जपलेली ही १६१८ ते १६९७ या काळातल्या घटनांची टिपणं. ती लोकमान्य टिळकांच्या हाती आली आणि १९१६ मध्ये मंडळाच्या चतुर्थ संमेलनवृत्तात प्रसिद्ध झाली. तोवर शिवाजी महाराजांचा जन्म १६२७ चा मानला जाई. शकावलीत होतं शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०. वाद पुढे कित्येक दशकं चालला, पण आज सरकारी शिवजयंती याच तारखेला असते. भोरजवळच्या एका देशमुख घराने कागद जपला नसता तर?

मंडळाची जुनी रीत म्हणजे पाक्षिक सभा. सापडलेला कागद चारचौघांत वाचायचा, शंका ऐकून घ्यायच्या. मला ही रीत फार मोलाची वाटते. आपल्या घराण्याबद्दल माणूस घरात काहीही सांगू शकतो. सभेत मात्र कुणीतरी शक विचारतो, शिक्का कुणाचा ते विचारतो.

मोडीच्या वर्गाची गोडी आणखी वेगळी. आधी डोक्यावरची रेघ ओढायची, मग तिला अक्षरं लटकवत जायची. ऱ्हस्व-दीर्घ पाळायचा नाही, शब्द तोडायचे नाहीत. अक्षरं काही आठवड्यांत ओळखू येतात, कागद लागायला वर्षं जातात. तारखेपाशीच नवशिका अडतो. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ ही अरबी अंकांची माळ सोडवली की सुहूर या जुन्या कालगणनेतलं सन ११६१ हाती येतं. इसवी सनासाठी त्यात सहाशे किंवा, महिना पाहून, पाचशे नव्याण्णव मिळवायचे. हे पानिपतचं वर्ष.

आणि एवढं करून जी वंशावळ वाचायची, ती मुळात हौसेने लिहिलेलीच नसते. वतनाच्या वाटणीवरून भाऊबंद भांडले, दत्तकाला आक्षेप आला, १८५२ नंतर इनाम कमिशनने पुरावा मागितला, तेव्हा ती तयार झाली. म्हणून तिच्यात मुली नाहीत. दत्तक घेणारी विधवा मात्र नावानिशी येते, कारण तिच्यावाचून वतन पुढे सरकत नाही. घराण्याची हकीकत सांगणारे करिने आणि कैफियती वाचताना हे ध्यानात ठेवावं: लिहिणारा आपली बाजू मांडतो आहे आणि गैरसोयीचा चुलता गाळण्यात त्याचा फायदा आहे.

मग ज्यांना वतनाचा मोठा वाटा नव्हता, त्यांनी कुठे शोधायचं? त्यांच्यासाठी मला महजर सगळ्यांत जवळचे वाटतात. महजर म्हणजे निवाड्याचा कागद. गावच्या तंट्याचा निवाडा गोतसभेपुढे होई आणि पाटलापासून बलुतेदारांपर्यंत सगळे त्याला साक्षी असत. नावापुढे ज्याची त्याची निशाणी: पाटलाचा नांगर, सुताराची पटाशी, न्हाव्याचा आरसा. महाराची साक्षही तिथे असे. शिवेच्या वादात तिला मोठा मान होता. सरदारांच्या दफ्तरात न दिसणारी माणसं इथे बापाच्या नावासकट भेटतात. कुलवृत्तांत छापून झालेल्या घराण्यांपेक्षा या नावांवर आता काम व्हायला हवं. त्यासाठी मोडी वाचणारा प्रत्येक गावात एक तरी पाहिजे.

पेठांतले वाडे पुनर्विकासाला जात आहेत आणि माळ्यावरच्या ट्रंका रद्दीत. तुमच्या घरी असे कागद असतील तर त्यांना चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन तर मुळीच करू नका. घडी जपून उलगडा, सुती कापडात ठेवा, दोन्ही बाजूंचे फोटो काढा. कोऱ्या दिसणाऱ्या पाठीचाही फोटो हवा, कारण शेरे, शिक्के आणि पावतीची तारीख बऱ्याचदा तिथेच असते.