फौज मोठी की डाव खोल?

2014 सालच्या ऑगस्टमध्ये अमेरिकेत, वॉशिंग्टन डी.सी. इथे पोकेमॉन व्हिडिओ गेमची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली. दक्षिण कोरियाच्या से जुन पार्कने ती जिंकली, पण त्याच्याइतकीच चर्चा झाली त्याच्या संघातल्या एका चिमुकल्या खारीची. पाचिरिसू हे तिचं नाव. नुसते आकडे पाहिले तर ती कुणाच्या खिजगणतीतही नसावी: तिच्या सहाही गुणांकांची बेरीज 405, तर पार्कच्याच संघातल्या गारचॉम्पची 600. स्पर्धेतल्या लढती दुहेरी असतात, म्हणजे दोन्ही बाजूंचे दोन-दोन प्राणी एकाच वेळी मैदानात उतरतात. पाचिरिसूकडे ‘फॉलो मी’ नावाची चाल आहे. ती खेळली की विरोधकाने जोडीदारावर रोखलेला वार त्या फेरीपुरता तिच्यावर येतो. शिवाय तिच्या अंगी ‘व्होल्ट अ‍ॅब्सॉर्ब’ हा गुण असल्यामुळे विजेचा झटका बसला की इजा व्हायच्या ऐवजी तिची गेलेली ताकद भरून येते. आता तिच्या शेजारी गॅराडोस उभा करा. पाणी आणि उड्डाण अशा दुहेरी प्रकारामुळे त्याला विजेचा वार चौपट लागतो. विरोधकाने गॅराडोसवर वीज सोडावी, ती खारीने झेलावी आणि वर ताजीतवानी होऊन उभी राहावी! एकटी असती तर ती पहिल्या काही फेऱ्यांत गारद झाली असती. जोडीदार लाभला आणि तिने डाव फिरवला.

प्राणी पकडायचे, वाढवायचे आणि लढवायचे, अशा खेळांबद्दल बोलणं निघालं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: यात प्राणी किती? 1996 साली आलेल्या पहिल्या पोकेमॉन खेळात ते 151 होते. आज त्यांनी हजाराचा आकडा ओलांडला आहे. जितके प्राणी जास्त तितकी लढाई गुंतागुंतीची, असं आपण सहज धरून चालतो. हा समज तपासून पाहायला हवा. लढाईला खोली येते ती प्राण्यांना एकमेकांशी बांधणाऱ्या नियमांमुळे. नियम कमकुवत असतील तर हजारांची फौज ही निव्वळ खोगीरभरती ठरते. नियम कसदार असतील तर शंभर प्राणीही वर्षानुवर्षं पुरतात.

याचा पहिला पुरावा खुद्द पहिल्या पोकेमॉनमध्येच सापडतो. तिथे आग, पाणी, गवत, वीज असे 15 प्रकार होते. पाण्याचा वार आगीला दुप्पट लागतो, गवताला निम्माच लागतो, असं एक कोष्टक सगळ्या लढायांच्या मुळाशी होतं. प्रत्येक प्राण्याला चार चाली आणि संघात सहा प्राणी. 151 मधून सहा निवडायचे म्हटले तर सुमारे 1,489 कोटी वेगवेगळे संघ होतात. कागदावर हा आकडा डोळे दिपवणारा आहे. प्रत्यक्षात मात्र सायकिक, म्हणजे मनःशक्तीच्या प्रकाराला आळा घालणारं कोष्टकात जवळजवळ काहीच नव्हतं. कीटक प्रकाराचे वार त्याच्यावर चालत, पण ते फार लेचेपेचे होते. आणि भुतांचा वार त्याच्यावर पूर्ण निष्प्रभ ठरत होता. परिणामी चुरशीने खेळणाऱ्यांच्या संघांत टॉरोस, स्नॉरलॅक्स, चॅन्सी, एक्झेग्युटर, स्टारमी, अलाकझाम हीच नावं फिरून फिरून दिसू लागली. जवळपास दीड हजार कोटी संघ शक्य होते, पण खेळण्याजोगे मूठभर उरले.

दुरुस्ती झाली तीही नियमांतूनच. 1999 च्या भागात शंभर नवे प्राणी आले, पण लढाई पालटली ती अंधार आणि पोलाद या दोन नव्या प्रकारांमुळे. सायकिकची सद्दी तिथे संपली. 2002 मध्ये प्रत्येक प्राण्याला एकेक उपजत गुण मिळाला आणि दुहेरी लढती सुरू झाल्या. सर्वांत बोलकं उदाहरण 2006 सालचं आहे. तोवर एखादा वार अंगबळाचा की शक्तीचा हे त्याच्या प्रकारावरून ठरत असे: बर्फ आणि अंधाराचे सगळे वार शक्तीचे, दगड आणि मातीचे सगळे अंगबळाचे. स्नीझल नावाचा नखाळ प्राणी या नियमात पुरता अडकला होता. तो अंधार आणि बर्फ या प्रकारांचा, त्याचं अंगबळ 95 आणि शक्ती अवघी 35. म्हणजे त्याच्या स्वतःच्या प्रकारांचा प्रत्येक वार त्याच्या दुबळ्या बाजूने होत होता. 2006 मध्ये नियम बदलला आणि प्रत्येक चालीचं स्वरूप स्वतंत्रपणे ठरू लागलं. स्नीझलचा एकही आकडा हलला नाही, तरी त्याची नखं एकदम धारदार झाली. गॅराडोसचंही तेच झालं. अंगबळ दांडगं असूनही पाण्याचा वार त्याला दुबळ्या शक्तीने करावा लागत होता, तो आता पूर्ण जोमाने करता येऊ लागला. एका नियमाने जुन्या फौजेत जितका जीव ओतला, तितका डझनभर नवे प्राणी आणूनही आला नसता.

पोकेमॉनच्या बाहेर पाहिलं तर हाच धागा आणखी ठळक दिसतो. जपानमधली ‘मेगामी टेन्सेई’ ही मालिका 1987 ची, म्हणजे पोकेमॉनहून नऊ वर्षांनी थोरली. तिथे जगभरच्या पुराणकथांतल्या शक्तींशी बोलणी करून त्यांना आपल्या बाजूला वळवायचं असतं; आपल्याकडचे शिव, विष्णू आणि गरुडही त्या यादीत भेटतात. 2003 मध्ये आलेल्या ‘शिन मेगामी टेन्सेई 3: नॉक्टर्न’ने लढाईत एक साधा नियम आणला. आपल्या बाजूला चार जण असतील तर चार चाली मिळतात. शत्रूच्या वर्मावर घाव बसला तर अर्धीच चाल खर्च होते, म्हणजे चाराच्या आठ होऊ शकतात. वार हुकला तर दोन चाली जातात, आणि वार शत्रूने परतवला किंवा शोषून घेतला तर उरलेल्या सगळ्या. शत्रूलाही हाच नियम लागू. त्यामुळे संघात घेतलेला एखादा प्राणी आगीला कच्चा असेल, तर त्याची किंमत सगळा संघ मोजतो. पोकेमॉनमध्ये वर्मी घावाने इजा वाढते. इथे त्यातून वेळ विकत घेता येतो. वर्माची कल्पना तीच, पण त्यातून निघणारा प्रश्न कितीतरी पटींनी कठीण.

अलीकडच्या लहान स्टुडिओंनी तर छोट्या फौजा घेऊन हे पुन्हा पुन्हा सिद्ध केलं आहे. स्पेनमधल्या ‘टेमटेम’मध्ये दीडशेहून थोडे अधिक प्राणी आहेत. तिथे लढाया दुहेरी आहेत, वार हुकत नाही आणि प्रत्येक चालीला दम खर्चावा लागतो. दमापेक्षा जास्त खेळलात तर स्वतःच्याच अंगाला इजा होते आणि पुढची फेरी वाया जाते. नशिबावर खापर फोडायची सोयच उरत नाही. ‘मॉन्स्टर सँक्चुअरी’त प्राणी शंभराच्या थोडे वर, पण लढाई तीन विरुद्ध तीन, आणि त्या फेरीत आधी बसलेल्या घावांनी पुढच्या घावाचं बळ वाढतं. म्हणून कोण आधी खेळणार आणि कोण शेवटी, हा क्रमच अर्धी लढाई ठरवतो: लागोपाठ चार चापट्या मारणारा पुढे हवा, एकच घणाघाती वार करणारा मागे. 2023 च्या ‘कॅसेट बीस्ट्स’मध्ये प्रकारांचं कोष्टक दुप्पट-निम्म्याच्या हिशेबावर थांबत नाही. बर्फाच्या प्राण्यावर आग सोडली तर तो वितळून पाण्याचा होतो, आणि मग पुढची चाल नव्याने आखावी लागते. प्राणी सव्वाशेच्या आसपास, पण कोणतेही दोन लढाईत एकरूप होऊ शकतात.

यावर पहिला आक्षेप असा येईल की ‘सिरालिम अल्टिमेट’चं काय? 2021 च्या त्या खेळात 1,200 हून अधिक प्राणी आहेत आणि तो तर या साऱ्यांत गहन मानला जातो. आक्षेप रास्त आहे, पण नीट पाहिलं तर तो माझ्याच म्हणण्याला बळ देतो. सिरालिममध्ये प्रत्येक प्राण्याला त्याचा स्वतःचा वेगळा गुण आहे. कुणी वार झाला की आपोआप उलटवार करतो, कुणी साथीदार पडला की चवताळतो. म्हणजे तिथे प्राण्यांची यादी हीच नियमांची यादी आहे. तरीही या मार्गाची एक किंमत मोजावी लागते. सहा प्राण्यांचे गुण एकमेकांत गुंफण्यात सगळं डोकं आधीच खर्च होतं आणि प्रत्यक्ष लढाईत ठरवायला कमी उरतं. ती मजा घड्याळजीची आहे: चाकं जुळवायची, चावी द्यायची आणि ते कसं चालतं ते पाहायचं. ती कमी दर्जाची मुळीच नाही, पण समोरच्याच्या मनात काय आहे हे ओळखून चाल बदलण्याची मजा निराळी.

दुसरा आक्षेप पालकांचा आणि नवख्यांचा. इतके नियम आले तर दहा वर्षांचं पोर खेळणार कसं? इथे क्लिष्टता आणि खोली या दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला हव्यात. पोकेमॉनच्या जुन्या भागांत प्रत्येक प्राण्याच्या प्रत्येक गुणांकाला 0 ते 31 असा एक जन्मजात छुपा आकडा होता आणि सरावातून मिळणाऱ्या 510 गुणांचा छुपा हिशेब होता. पडद्यावर ते दिसतही नसत. हवे ते आकडे मिळवायला खेळाडू तासन्‌तास अंडी उबवत बसत. हे क्लिष्ट होतं, पण लढाईत त्यामुळे एकही नवा निर्णय घ्यावा लागत नव्हता; ती केवळ आधीची हमाली होती. पुढच्या भागांनी ती हलकी केली. 2013 मध्ये सरावाचे गुण डोळ्यांसमोर आले, 2016 मध्ये जन्मजात उणीव भरून काढायची सोय झाली आणि कोणती चाल किती लागू पडेल हे ओळखीच्या शत्रूसमोर पडद्यावरच दिसू लागलं. लढाईची खोली यामुळे तसूभरही घटली नाही, उलट जास्त लोक तिथवर पोचले. ‘फॉलो मी’चा नियम लहान मुलालाही एका वाक्यात सांगता येतो, तो कधी वापरावा हे ठरवताना जगज्जेत्यालाही घाम फुटतो. चांगल्या नियमाची हीच ओळख.

तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. प्राणी काय फक्त लढण्यासाठी असतात? पोकेमॉनचे जनक सातोशी ताजिरी लहानपणी तोक्योच्या माचिदा उपनगरात किडे पकडत फिरत; त्या शोधाचा आनंद मुलांना मिळावा म्हणून त्यांनी हा खेळ रचला. गवतातून काय निघेल ही उत्सुकता आणि एखाद्या दुबळ्या प्राण्यावर जडलेला जीव यांचा हिशेब लढाईच्या तराजूत होत नाही. 2019 मध्ये ‘सोर्ड’ आणि ‘शील्ड’ या भागांत सगळे जुने प्राणी नसतील असं जाहीर झालं, तेव्हा चाहत्यांचा जो संताप उसळला तो डावपेचांसाठी नव्हता. वर्षानुवर्षं जपलेला सोबती आता नव्या प्रवासात नसणार, याचं ते दुःख होतं. ते खरं होतं आणि त्याचा मान राखलाच पाहिजे. म्हणून मोठी यादी व्यर्थ आहे असं मी म्हणत नाही. ती रानासारखी असते, भटकण्यासाठी आणि जीव लावण्यासाठी. फक्त तिला लढाईच्या खोलीचं माप समजू नये. तसं समजलं की निर्माते नियमांवर मेहनत घेण्याऐवजी नुसती भरती करत सुटतात, आणि ज्या प्राण्यावर जीव जडला तोच मैदानात निरुपयोगी ठरतो. खरा अन्याय तिथे होतो.

म्हणून असा कोणताही खेळ पारखताना ‘किती प्राणी’ याच्या जोडीला आणखी एक प्रश्न विचारावा: यातल्या सगळ्यात दुबळ्या प्राण्याला, योग्य सोबतीने, काही काम मिळू शकतं का? पाचिरिसूच्या विजयातला एक तपशील इथे मोलाचा आहे. त्या वर्षी स्पर्धेत तोवरच्या सातशेहून अधिक पोकेमॉनपैकी फक्त खेळातल्या कालोस प्रदेशाच्या यादीतले, साडेचारशेच्या आसपासच चालत होते. आदल्या वर्षी सर्रास दिसणारे लँडोरस, थंडुरस, क्रेसेलिया हे मातब्बर त्या यादीत नव्हते. फौज कापली गेली आणि मोकळ्या झालेल्या जागेत, 2006 पासून कोपऱ्यात पडून असलेल्या एका खारीला तिचं काम सापडलं.