मधुमेह चाचणी साहित्य व सुरक्षा तपासणी

मधुमेह चाचणी साहित्य म्हणजे रक्तातील साखर घरी किंवा प्रवासात मोजण्यासाठी लागणारी साधने होत. त्यात ग्लुकोमीटर, चाचणीपट्ट्या, बोटाला टोचण्याची लॅन्सेट व ती बसवण्याचे पेन यांचा समावेश होतो. अनेक रुग्णांकडे याखेरीज इन्सुलिन, सुया, इन्सुलिन पंप किंवा त्वचेवर चिकटवलेला ग्लुकोज संवेदकही असतो. हे साहित्य सुरक्षा तपासणीतून नेण्यास बंदी नाही. मात्र सुया, द्रवपदार्थ व अंगावरील उपकरणे यांमुळे तपासणीच्या वेळी खुलासा करावा लागतो.

दरेकसा परिसर

दरेकसा हे गोंदिया जिल्ह्याच्या सालेकसा तालुक्यातील, छत्तीसगडच्या सीमेलगतचे गाव असून हावडा–नागपूर–मुंबई लोहमार्गावर आहे. येथून विमानप्रवासासाठी गोंदियाजवळील बिरसी, तसेच नागपूर किंवा रायपूर येथील विमानतळ गाठावा लागतो. बिरसी येथून नियमित प्रवासी उड्डाणे मार्च २०२२ मध्ये सुरू झाली. लहान रेल्वेस्थानकांवर सामानाची यंत्राद्वारे तपासणी सहसा होत नाही. तरी हा सीमाभाग दीर्घकाळ नक्षलप्रभावित म्हणून गणला गेल्याने रस्त्यावरील पोलीस तपासणी येथील प्रवाशांना नवीन नाही. पिशवीत सुया आढळल्यास डॉक्टरांची चिठ्ठी अशा ठिकाणीही उपयोगी पडते. माघ पौर्णिमेला दरेकसाजवळील कचारगड गुहांच्या यात्रेस गोंड समाजाचे भाविक मोठ्या संख्येने येतात. डोंगर चढताना इन्सुलिन घेणाऱ्या रुग्णाची साखर अचानक उतरू शकते. ग्लुकोमीटर मुक्कामाच्या सामानात ठेवून वर जाणे म्हणूनच धोक्याचे असते.

विमानतळावरील तपासणी

भारतात विमानतळ सुरक्षेचे नियम नागरी विमान सुरक्षा विभाग ठरवतो आणि बहुतेक मोठ्या विमानतळांवर प्रत्यक्ष तपासणी केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दल करते. ऑगस्ट २००६ मध्ये लंडन येथे द्रव स्फोटकांचा कट उघडकीस आल्यानंतर आंतरराष्ट्रीय उड्डाणांत हातसामानातील द्रवपदार्थांवर प्रत्येकी १०० मिलिलिटरची मर्यादा आली. प्रवासात आवश्यक असलेली औषधे तिच्यातून वगळलेली आहेत. त्यासाठी रुग्णाचे नाव, औषधांची रासायनिक नावे व सुयांचा उल्लेख असलेली चिठ्ठी जवळ ठेवतात. इन्सुलिनची मूळ वेष्टने व त्यावरील छापील माहिती टिकवणे हेही तितकेच महत्त्वाचे. नाव नसलेली कुपी संशयास कारण ठरते.

ग्लुकोमीटर, पट्ट्या व इन्सुलिन यांवर हातसामानाच्या नेहमीच्या क्ष-किरण तपासणीचा दखल घेण्याजोगा परिणाम होत नाही. पंप व संवेदक यांची गोष्ट वेगळी आहे. काही उत्पादक आपली उपकरणे क्ष-किरण यंत्रातून किंवा संपूर्ण शरीराच्या स्कॅनरमधून नेऊ नयेत असे सांगतात, तर काहींना धातुशोधक चौकट चालते. त्यामुळे त्या उपकरणाची माहितीपुस्तिका पाहणे आणि रांगेत उभे राहतानाच जवानास कल्पना देऊन हाताने झडतीची विनंती करणे योग्य ठरते. झडतीसाठी पंप काढून देणे आवश्यक नसते.

हातसामान की मालकक्ष

हे सर्व साहित्य हातसामानातच ठेवावे, असा सल्ला दिला जातो. मालकक्षात तापमान फार उतरू शकते आणि गोठलेले इन्सुलिन पुन्हा वितळले तरी भरवशाचे राहत नाही. सामान हरवण्याची शक्यता वेगळीच. सुटे लिथियम विद्युतघट तर मालकक्षात नेण्यास मनाईच आहे. प्रवासाच्या दिवसांना पुरेल त्याहून अधिक साहित्य घेणे व ते दोन पिशव्यांत विभागणे सोयीचे असते.

उष्णता व मोजमाप

विदर्भातील उन्हाळ्यात पारा ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास पोहोचतो, आणि बंद गाडीत त्याहूनही वर जातो. न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवायचे असते. पट्ट्या साधारणतः ३० अंशांच्या आत, झाकण घट्ट लावलेल्या मूळ डबीतच ठेवतात, कारण दमट हवेने त्या बिघडतात. उष्णतेत राहिलेली पट्टी आकडा दाखवतेच, पण तो चुकीचा असू शकतो. हाच खरा धोका होय. बोटाला गोड पदार्थ लागलेला असल्यासही आकडा वाढून दिसतो. म्हणून पाण्याने हात धुऊन व पुसून चाचणी करतात.

भारतात व अमेरिकेत साखर मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये, तर ब्रिटन, कॅनडा व ऑस्ट्रेलियात मिलिमोल प्रति लिटरमध्ये सांगतात. पहिल्या आकड्यास १८ ने भागले की दुसरा मिळतो. १०० म्हणजे सुमारे ५.६. परदेशात उपचार घेण्याची वेळ आल्यास हा फरक डॉक्टरांच्या लक्षात आणून देणे आवश्यक असते.